आमची २०१० ची मारुती ८००: ठेवायची की मोडीत काढायची, धूर मोजताना केलेल्या नोंदी

गाडी जानेवारी २०१० ची. एमएच-१३ पासिंग, एसी मॉडेल, एमपीएफआय (कॉम्प्युटर पेट्रोल मोजून देतो ते) इंजिन, आरसीवर भारत स्टेज-३ (धुराची सरकारी मर्यादा). मीटरवर ९१ हजार किलोमीटर. बाबांनी निवृत्तीच्या पैशातून घेतली होती, गेली सहा वर्षं मी चालवतोय. जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी, रोज जाऊन-येऊन सतरा-अठरा किलोमीटर, आणि सुट्टीत तुळजापूर नाहीतर पंढरपूर. वर्षाला सहा हजार किलोमीटरच्या आसपास.

२९ जानेवारी २०२५ ला आरसीची पंधरा वर्षं संपतात. मेहुणे म्हणतात, "दाजी, पंधरा वर्षांची गाडी म्हणजे नुसता धूर. मोडीत काढा, इलेक्ट्रिक घ्या." बाबा म्हणतात, "एवढीशी गाडी, पितेय किती पेट्रोल? ती काय हवा खराब करणार?" दोघंही अंदाजानेच बोलत होते आणि माझ्याकडेही सांगायला एक आकडा नव्हता. म्हणून मोजायचं ठरवलं.

आणखी एक कारण आहे. शेजारच्या आजींना दमा आहे. मी सकाळी गाडी सुरू केली की त्या खिडकी लावून घेतात. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण मला ते रोज दिसतं.

ज्यांच्या दारात अशीच जुनी ८००, झेन किंवा अल्टो उभी आहे त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून चुकांसकट लिहितोय.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

सुरुवात ॲव्हरेजपासून. विजापूर रोडच्या पंपावर टाकी फुल केली, ट्रिप मीटर शून्यावर आणला. रोजच्यासारखीच चालवणार, मुद्दाम सांभाळून नाही.

२३ नोव्हेंबर

१४८ किलोमीटर, १०.६ लिटर. लिटरला १४. बाबा खूश झाले, पण आकडा चुकलेला आहे. या वेळी सात रस्त्याजवळच्या दुसऱ्या पंपावर भरलं आणि तिथलं पिस्तूल लवकर कट झालं. दहा लिटरच्या हिशेबात अर्धा-पाऊण लिटरची चूक म्हणजे सगळा आकडाच बिघडतो. एकच पंप, जमलं तर तीच नळी, पहिल्या कटला थांबायचं, आणि निदान पंधरा लिटर जाळल्याशिवाय आकडा धरायचा नाही. आठवडा वाया गेला.

१ डिसेंबर, रविवार

मीटर बरोबर आहे का तेही बघितलं. पहाटे पुणे रस्त्याला गाडी काढली, फोनवर जीपीएस चालू ठेवला. मीटरने ५० किलोमीटर दाखवले तेव्हा जीपीएसने ४८. टायर झिजलेत आणि मीटर मुळात थोडं जास्तच दाखवतो. यापुढचे सगळे किलोमीटर ०.९६ ने गुणून लिहितोय. तुम्हीही हे करा, नाहीतर आपल्या गाडीबद्दल फुकटचं समाधान होतं.

३ डिसेंबर, मंगळवार

पीयूसी, म्हणजे धूर तपासणी. गेल्या चार वर्षांची प्रमाणपत्रं काढून बघितली, सगळ्यांवर कार्बन मोनॉक्साइड ०.०२ नाहीतर ०.०३ टक्के. एवढं स्वच्छ इंजिन असेल तर मी हे सगळं करायलाच नको. पण त्या प्रत्येक वेळी नळी सायलेन्सरच्या तोंडाशी नुसती टेकवली होती, ते मला आठवतंय. तेव्हा मलाही घाई होती, मीही काही बोललो नाही.

या वेळी दुसऱ्या केंद्रावर गेलो. दहा किलोमीटर चालवून, इंजिन तापवून. मुलाला म्हटलं, "नापास झाली तरी चालेल, पण नळी आतपर्यंत घाल." त्याने विचित्र नजरेने बघितलं, पण नीट केलं.

कार्बन मोनॉक्साइड १.९ टक्के, हायड्रोकार्बन (न जळलेलं पेट्रोल) ६२० पीपीएम, म्हणजे दहा लाखात ६२० भाग. भारत स्टेज-३ पेट्रोल गाडीला मर्यादा ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. म्हणजे कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ चौपट. आजींची खिडकी डोळ्यांपुढे आली. १२५ रुपयांत जे कळलं ते चार वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं.

७ डिसेंबर

दुसरी टाकी. मीटरने २४१ किलोमीटर, १८ लिटर. दुरुस्त आकडा लिटरला १२.९. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे किलोमीटरला १७८ ग्रॅम. (इथेनॉल मिसळलेल्या लिटरचा आकडा थोडा कमी येतो, पण मी सगळीकडे २.३ च धरलाय, तुलना एकसारखी राहावी म्हणून.) साडेसहाशे किलोच्या गाडीला हे शोभत नाही. कुठेतरी पेट्रोल वाया जातंय.

८ डिसेंबर, रविवार

सापडलं, निदान अर्धं. घर ते एमआयडीसी पूर्ण रस्ताभर तापमानाचा काटा तळ सोडत नाही, हे मी वर्षानुवर्षं "गाडी थंड चालते" म्हणून चांगलं लक्षण समजत होतो. मिस्त्रींनी थर्मोस्टॅटचं (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेचं) घर उघडलं, आत थर्मोस्टॅटच नाही. रेडिएटरचा पंखासुद्धा डायरेक्ट केलेला, चावी फिरवली की पंखा चालू.

मिस्त्री म्हणाले, "मालक, सोलापूरचं ऊन हाय ओ. थर्मोस्टॅट ठेवला की उन्हाळ्यात गाडी उकळते. सगळ्यांचंच काढतेत."

यात खरं-खोटं दोन्ही आहे. गाडी उकळत होती ती थर्मोस्टॅटमुळे नव्हे. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरलं जायचं, त्याच्या क्षारांनी नळ्या बुजल्या होत्या. रोग एकीकडे राहिला आणि भलताच भाग काढून टाकला. परिणाम असा की इंजिन कधी पूर्ण तापतच नाही. पाणी थंड आहे असं सेन्सर सांगत राहतो आणि कॉम्प्युटर थंड इंजिनाला देतात तसं जादा पेट्रोल देत राहतो. डिसेंबरच्या सकाळी तर पूर्ण रस्ताभर.

रेडिएटर खोलून साफ करून घेतला. नवा थर्मोस्टॅट आधी घरी पातेल्यात गरम पाण्यात घालून बघितला. ८२ कोरलंय, ऐंशीच्या थोडं पुढे उघडायला लागला. पंख्याला परत स्विच बसवला. थर्मोस्टॅट आणि गॅस्केट ३८०, कूलंट ६४०, पंख्याचा स्विच ४२०, रेडिएटर सफाई आणि मजुरी ६००.

९ डिसेंबर

सकाळी सात रस्त्याच्या सिग्नलला काटा लाल खुणेच्या जवळ. पोटात गोळा आला. बाजूला घेऊन चाळीस मिनिटं थांबलो, ऑफिसला उशीर. मिस्त्रींना फोन केला तर तिकडून "बघा, मी म्हटलं होतं की नाही."

थर्मोस्टॅटचा दोष नव्हता. कूलंट भरताना आत हवा अडकली होती आणि ती मीच नीट काढली नव्हती. संध्याकाळी चढाला तोंड करून गाडी लावली, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू ठेवलं, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत. बुडबुडे येत राहिले, जवळजवळ पाऊण लिटर कूलंट आणखी बसलं. त्यानंतर काटा अर्ध्याच्या खाली स्थिर. हे काम इंजिन थंड असतानाच सुरू करा, तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं.

१४ डिसेंबर

फुकट गेलेले पैसे: ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाड फोनवर वाचायचं यंत्र), ७५० रुपये. जोडलाच जात नाही. आपल्याकडे गाड्यांना ओबीडी सक्तीचं झालं ते भारत स्टेज-४ बरोबर, एप्रिल २०१० पासून. माझी गाडी तीन महिने आधीची. घेण्याआधी हे वाचलं असतं तर पैसे वाचले असते. शिवाय चेक इंजिनचा दिवा चावी फिरवल्यावरही लागत नाही. डॅशबोर्ड खोलला तर बल्बच काढलेला. नवा बल्ब २० रुपयांचा. बसवला तर लगेच पेटला आणि पेटलेलाच राहिला.

२१ डिसेंबर

मल्टिमीटरने ऑक्सिजन सेन्सर (धुरात किती ऑक्सिजन उरला ते कॉम्प्युटरला सांगणारा) तपासला. इंजिन पूर्ण तापल्यावर त्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सतत खाली-वर व्हायला हवा. माझा ०.१ वर मेलेला. ०.१ म्हणजे "पेट्रोल कमी पडतंय". कॉम्प्युटर बिचारा विश्वास ठेवून आणखी पेट्रोल देतो. थर्मोस्टॅट नव्हता, सेन्सर मेला होता, दोन्हींचा ओढा जास्त पेट्रोलकडेच.

जुना सेन्सर निघेना. तीन दिवस रोज संध्याकाळी गंज सोडवायचं तेल मारत राहिलो. शेवटी इंजिन गरम करून, मिस्त्रींच्या लांब पान्ह्याने निघाला. आटे वाचले हे नशीब.

इथे कंजूषपणा केला, ७०० रुपयांचा सेन्सर बसवला.

३० डिसेंबर

७०० रुपयांचा सेन्सर नऊ दिवसांत गेला, दिवा परत पेटला. आता कंपनीचा ओरिजिनल घेतला, २,३५०. दोन्ही वेळची मिळून मजुरी ४००. या भागात स्वस्त माल घेऊ नका.

४ जानेवारी २०२५

टाकीचा हिशेब: लिटरला १५.४. एका महिन्यात लिटरमागे अडीच किलोमीटर वाढले. मनाला फार बरं वाटलं.

६ जानेवारी, सोमवार

ते बरं वाटणं दोनच दिवस टिकलं. पीयूसी: कार्बन मोनॉक्साइड ०.७२, हायड्रोकार्बन ३९०. अजून नापास. पेट्रोल बरोबर जळतंय, तरी धूर मर्यादेत नाही, म्हणजे पुढचा संशय कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (थोडक्यात कॅट, धुराच्या पाइपमधला धूर स्वच्छ करणारा डबा).

संध्याकाळी गाडी रॅम्पवर घेतली. कॅटवर रबरी हातोडीने टकटक केलं तर रिकाम्या डब्यासारखा आवाज. पाइप सोडवून एका तोंडाने बघितलं तर दुसऱ्या तोंडातून ट्यूबलाइटचा उजेड दिसला. आत चिनी मातीसारख्या पदार्थाची बारीक जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचा लेप असतो. तिथे विषारी वायूंचं रूपांतर होतं. आमच्याकडे जाळीच नाही.

घरी जुन्या बिलांची पिशवी उपसली. २०१६ चं एक बिल, "सायलेन्सर सफाई, ३५० रुपये". बाबांना विचारलं. त्यांना आठवलं. "पिकअप घेत नव्हती, तेव्हा त्या माणसाने काहीतरी ठोकून मोकळं केलं होतं. नंतर छान पळाली." जाळी चोंदली होती, आणि ती चोंदण्याचं कारण बहुधा जादा पेट्रोलच. कारण शोधण्याऐवजी जाळी फोडली. म्हणजे नऊ वर्षं आमच्या गाडीचा धूर न गाळता सोलापूरच्या रस्त्यांवर सुटत होता. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला सांगितलं असतं तर मी नसतं करू दिलं." त्यांचं खरं आहे. मालकाला कोणी सांगत नाही.

७ ते १७ जानेवारी

कॅट सोलापुरात मिळाला नाही. मार्केटमध्ये तीन दुकानं फिरलो, तिन्हीकडे एकच सल्ला: "रिकामाच राहू द्या, कोण बघतंय?" एकाने साधा पाइप बसवून द्यायची तयारी दाखवली, ९०० रुपयांत. पुण्याहून मागवला, ८,२००, ट्रान्सपोर्ट २५०. मध्ये गड्ड्याची यात्रा, नंदीध्वजांच्या मिरवणुका, अर्धं शहर बंद, मिस्त्रींची पोरंही यात्रेत. पार्सल गोदामात चार दिवस पडून होतं. हे दिवस मी बसने गेलो. गाडी मुद्दामच काढली नाही.

१८ जानेवारी, शनिवार

कॅट बसला. दोन गॅस्केट, नट-बोल्ट आणि मजुरी मिळून ९००. एक गॅस्केट उलटी बसली होती, गाडी सुरू केल्यावर फटफट आवाज आला, परत खोलावं लागलं. दोन तास जादा. सांध्यातून हवा गळली तर सेन्सरही फसतो, म्हणून साबणाचं पाणी लावून बघा.

२० जानेवारी, सोमवार

पीयूसी: कार्बन मोनॉक्साइड ०.०७, हायड्रोकार्बन ५८. १.९ वरून ०.०७. मी कागद दोनदा वाचला.

कॅट बसवल्याने ॲव्हरेज एका थेंबानेही वाढलं नाही आणि पिकअपही कमी झाला नाही. चालवणाऱ्याच्या हाताला किंवा खिशाला फरक काहीच कळत नाही. म्हणूनच लोक तो काढतात आणि परत बसवत नाहीत. फरक कळतो तो फक्त मागून चालणाऱ्याला.

एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. कॅट तीनशे अंशांच्या आसपास तापल्याशिवाय काम करत नाही. पहिली दोन-तीन मिनिटं धूर कच्चाच निघतो. आता मी गल्लीत उभं राहून इंजिन तापवत नाही, सुरू करून लगेच हळूहळू निघतो. आणि रात्री गाडी उलटी लावतो, म्हणजे सायलेन्सरचं तोंड आजींच्या खिडकीकडे नसतं.

२३ जानेवारी

आरटीओ. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० झालीय (आधी ६०० होती), शिवाय पर्यावरण कर. मुदत संपण्याआधी साठ दिवसांपासून अर्ज करता येतो, मी उगाच शेवटचा आठवडा गाठला. तपासणीत चेसिस नंबरवर गंज होता, तो पॉलिश पेपरने घासून वाचण्याजोगा करावा लागला. आरसी पाच वर्षांनी वाढली. पीयूसी मात्र जुन्या गाडीला दर सहा महिन्यांनी करावी लागते.

२ फेब्रुवारी, रविवार

आता घर्षण. सपाट जागेवर न्यूट्रलमध्ये गाडी ढकलून बघितली, एकट्याला हलेना. ८०० एकट्याला हलायला हवी. नऊ किलोमीटर चालवून मागच्या डाव्या चाकाला हात लावला तर चटका बसला, उजवं कोमट.

माझी चूक: हँडब्रेक सैल वाटत होता म्हणून मागच्या आठवड्यात मीच केबल ताणली होती. त्यामुळे चाक जास्तच धरलं गेलं आणि त्या टाकीचा सगळा हिशेब टाकून द्यावा लागला. खरं कारण म्हणजे केबल आत गंजली होती आणि व्हील सिलिंडर अडकत होता. केबल ४५०, शू ५२०, दोन्ही व्हील सिलिंडर ५६०, मजुरी ५००.

हवा: पंक्चरवाल्याचा गेज ३० दाखवतो तेव्हा माझ्या नव्या गेजवर २४. नवा गेज ३५०. दर रविवारी सकाळी टायर थंड असताना बघतो.

१६ फेब्रुवारी

शहरातलं ॲव्हरेज १७.३. म्हणजे किलोमीटरला १३३ ग्रॅम. सुरुवातीला १७८ होतं.

२२ फेब्रुवारी

भाचीच्या साखरपुड्याला पुण्याला जाऊन आलो. दुरुस्त ५०८ किलोमीटर, २४.९ लिटर, चौघं बसलेले. लिटरला २०.४. वेग सत्तर-पंचाहत्तर, एसी बंद. ट्रक मागून हॉर्न वाजवत होते, वाजवू दिले.

२३ फेब्रुवारी, रविवार

मेहुणे जेवायला होते. वही काढून हिशेबाला बसलो.

वर्षाला सहा हजार किलोमीटर. बिघडलेल्या अवस्थेत ४६५ लिटर, आता ३४७. नवी लहान पेट्रोल गाडी शहरात २० देते असं धरलं तर ३००. म्हणजे नवी घेऊन वाचणार ४७ लिटर, साधारण १०८ किलो कार्बन डायऑक्साइड. पण नवी गाडी बनवतानाच पाच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो भरून निघायला माझ्या वापरात चाळीसहून जास्त वर्षं लागतील. बाबांच्या चेहऱ्यावर समाधान.

मग मेहुण्यांची बाजू. भारत स्टेज-३ मध्ये पेट्रोल गाडीला किलोमीटरला २.३ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड आणि ०.१५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची परवानगी होती. भारत स्टेज-६ मध्ये ती १ ग्रॅम आणि ०.०६. माझी गाडी कितीही नीट केली तरी ती जुन्याच मापाची. आणि पीयूसीच्या यंत्रात नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत, तेव्हा त्याबद्दल मी छाती ठोकून काही सांगू शकत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात हवेचं प्रमाण न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूरचं नाव आहे. हे दुसरं खातं आहे, पेट्रोलच्या खात्यात ते मिसळून चालत नाही.

इलेक्ट्रिकचं म्हणाल तर आपल्या ग्रीडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. आपल्या जिल्ह्यातल्या फताटेवाडीचा १,३२० मेगावॉटचा वीज प्रकल्प कोळशावरचाच. लहान इलेक्ट्रिक गाडी युनिटला आठ-नऊ किलोमीटर गेली तर किलोमीटरला ८० ग्रॅमच्या आसपास. माझ्या १३३ पेक्षा कमीच आहे, आणि गल्लीत धूर शून्य. रोज पन्नास-साठ किलोमीटर फिरणाऱ्याला मी तीच घ्या म्हणेन. माझ्या सहा हजारांना आत्ता ही गाडी नीट ठेवणं बरोबर वाटतं. मेहुणे पूर्ण पटले नाहीत.

९ मार्च

ऊन वाढलं तसा उभ्या गाडीला पेट्रोलचा वास यायला लागला. दोन ठिकाणी गळती. फिल्टरजवळच्या रबरी नळीला बारीक चिरा. आणि टाकीतली वाफ शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डब्याची, कॅनिस्टरची, नळी निघून लोंबत होती. म्हणजे गाडी उन्हात नुसती उभी असतानाही पेट्रोलची वाफ हवेत.

पंपावर आता इथेनॉल मिसळलेलंच पेट्रोल मिळतं आणि प्रमाण वीस टक्क्यांकडे गेलंय. ऊस आपल्याच जिल्ह्याचा, त्याचा आनंदच आहे. पण जुन्या रबराला ते मानवत नाही. नळ्या इथेनॉल चालणाऱ्याच घ्या, क्लिपांसह ६८० लागले. नीती आयोगाच्या आराखड्यात अशा जुन्या चारचाकींचं ॲव्हरेज वीस टक्के इथेनॉलने सहा-सात टक्के घटेल असं म्हटलंय, तेव्हा तुमचा आकडा थोडा कमी आला तर लगेच गाडीला दोष देऊ नका.

१६ मार्च, रविवार

या नोंदीसाठी मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि सगळ्यात जास्त वाईटही वाटलं.

एसी थंड करेना. दर उन्हाळ्यात करतो तसं "गॅस मारून घेऊ" म्हणून दुकानात गेलो. रांगेत बसल्या बसल्या सहज मोजलं: बिलांच्या पिशवीत गॅस टॉप-अपची पाच बिलं आहेत, २०१९, २०२१, २०२२, २०२३, २०२४. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. सिस्टीम घट्ट असेल तर तो वर्षानुवर्षं तिथेच फिरत राहतो. पाच वेळा भरला म्हणजे पाच वेळा तो हवेत गेला.

हा आर-१३४ए. पृथ्वी तापवण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट. माझ्या गाडीत साधारण ४०० ग्रॅम बसतो. दर वेळी निम्माच भरला असं धरलं तरी पाच वेळचा मिळून एक किलो, म्हणजे १.४ टन कार्बन डायऑक्साइडइतका. माझ्या आताच्या ॲव्हरेजने हे दहा हजार किलोमीटर गाडी चालवण्यासारखं आहे. मी चार महिने थर्मोस्टॅट, सेन्सर, हवा यांच्यामागे लागून वर्षाचे २७० किलो वाचवले, आणि इकडे दर उन्हाळ्याच्या एका टॉप-अपमध्ये २८० किलो सोडत होतो.

दुकानदाराला म्हटलं, आधी लीक शोधा. तो म्हणाला, "साहेब, दोन हजारात वर्षभर निघतं, लीक शोधायला खोलखाल करावं लागतं." उठून आलो.

२३ मार्च

शोधून असं दुकान मिळालं जिथे उरलेला गॅस हवेत न सोडता ओढून घ्यायचं मशीन आहे. गॅस उघडा सोडून देणारे बरेच आहेत, तेव्हा आधी हे विचारा. उरलेला १३० ग्रॅम निघाला. मग नायट्रोजन भरून दाब दिला आणि साबणाचं पाणी. कंडेन्सरच्या (एसीचा गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीच्या) खालच्या कोपऱ्यात दगड लागून बारीक भोक, आणि एका सांध्याची ओ-रिंग कडक होऊन चिरलेली. ओ-रिंग फक्त ४० रुपयांची. नवा कंडेन्सर, ड्रायर, ओ-रिंगा, व्हॅक्यूम, गॅस, मजुरी सगळं मिळून ६,४००. दाब रात्रभर ठेवायला लावला. सकाळी काटा हलला नव्हता, मगच गॅस भरू दिला.

३० मार्च, गुढीपाडवा

सगळ्या बिलांची बेरीज केली. आरटीओचे पैसे सोडून साडेपंचवीस हजारांच्या आसपास. त्यात स्कॅनर आणि पहिला सेन्सर हे १,४५० रुपये निव्वळ चुकीचे. पेट्रोल १०४ च्या आसपास धरलं तर वर्षाला बारा हजारांची बचत. बाबांनी गाडीला हार घातला, तेवढाच घातला, फटाके नाहीत.

१३ एप्रिल २०२५, रविवार

पारा चाळिशीच्या वर. थर्मोस्टॅट बसवलेली गाडी दुपारी एसी लावून सात रस्ता, डफरीन चौक, पार्क चौक अशी गर्दीतून फिरवली. काटा अर्ध्याच्या खाली. मिस्त्रींना शेजारी बसवूनच नेलं होतं. म्हणाले, "रेडिएटर साफ होता म्हणून." मी म्हटलं, "तेच तर." आता त्यांच्याकडे आलेल्या एका झेनचा थर्मोस्टॅट काढायच्या आधी त्यांनी रेडिएटर खोलून बघितला, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं.

एसी लावून टाकी: १५.२.

बाकी राहिलेलं: काढलेलं जुनं इंजिन ऑइल पाच लिटरच्या कॅनमध्ये घरी आहे, गटारात ओतायचं नाही. जुनं ऑइल गोळा करणाऱ्याचा पत्ता एमआयडीसीत विचारलाय. एसीचा दाब मे अखेरीला परत तपासायचा. पुढची पीयूसी १९ जुलैच्या आत, त्याच केंद्रावर, नळी आतपर्यंत घालून.